गोकर्णीचा निळा

सांगली,
११ सप्टेंबर

प्रिय सृष्टी,

शिक्षकदिनाचा तुझा मेसेज याही वर्षी आला. 'बाई, नमस्कार. तब्येत जपा.' एवढे चार शब्द. गेल्या वर्षी हेच चार, त्याच्या आदल्या वर्षीही हेच चार. ते दोन्ही मी वाचून तिथल्या तिथे पुसले होते. या वेळचा ठेवला आहे, पण त्यावरून मनाची काही समजूत करून घेऊ नकोस. मला त्या मेसेजची चीड येते. ज्या बाईने तुला अकरा बायकांसमोर दार दाखवलं, तिला नमस्कार कसला करतेस? भांडायचं होतंस. आष्ट्याहून एसटी धरून यायचं होतंस आणि माझ्या दारात उभं राहून, गल्ली गोळा होईपर्यंत भांडायचं होतंस. ते तू केलं नाहीस. तू पोरीला घेऊन साताऱ्याला निघून गेलीस, तिथे कुठल्याशा दुकानात साड्यांना फॉल-पिको करत बसलीस, आणि वर्षातून एकदा मला तब्येत जपायला सांगतेस. तुझ्या या चांगुलपणाने मला तोंडावर पाडलं आहे. कसं, ते सांगायला हे पत्र लिहिते आहे. निदान सुरुवात करताना तरी तेवढंच ठरवलं आहे.

क्रमाने सांगते, कारण तुझ्या बाजूने काय घडलं ते तुला ठाऊक आहे. माझ्या बाजूचं तुला कोणी सांगितलेलं नाही. पलूसच्या शाळेत मी सत्तावीस वर्षं चित्रकला शिकवली, रोज सांगलीहून जाऊन-येऊन. त्या सत्तावीस वर्षांत रंगाचा डोळा असलेल्या मुली मला तीन भेटल्या. त्यातली एक तू. हे तुला कधी बोलले नाही, कारण सांगितलं की मुली हातचं सोडून मिरवायला लागतात. आठवीत तू उसाचा फड काढला होतास आणि पानांना हिरवा लावायच्या आधी खाली पिवळा देऊन तो नीट वाळू दिला होतास. ते मी शिकवलेलं नव्हतं. मी तुला दहापैकी सहा दिले. तेव्हाही तू भांडली नाहीस.

निवृत्तीनंतर मी विश्रामबागेतल्या घराच्या पुढच्या खोलीत ट्रान्सफर रंगांचं काम सुरू केलं. कागदावर रंगवायचं, वाळवायचं, तो कागद पॉलिएस्टरच्या कापडावर पालथा घालायचा आणि वरून कोरडी कडक इस्त्री. रंग कागद सोडून कापडात शिरतो आणि पुढे कितीही धुतलं तरी जात नाही. गिऱ्हाईक यायचं ते साडीचा पदर हातात घेऊन, याला जुळणारी ओढणी द्या म्हणून. विकतच्या बाटल्यांतला एकही रंग पदराला जुळणारा नसतो. पिवळा, गुलाबी, निळा थेंबाथेंबाने एकत्र करून तो करावा लागतो. पांढरा तर या रंगांत नाहीच. फिकट हवं असेल तर रंग पातळ करायचा आणि कापडाचा पांढरेपणा वर येऊ द्यायचा. शिवाय कागदावर सगळेच रंग मळकट दिसतात, इस्त्री उचलल्यावर काय निघेल ते आधी सांगता येत नाही. म्हणून प्रत्येक मिश्रणाची एक पट्टी रंगवायची, त्याच कापडाच्या चिंधीवर इस्त्रीने उठवून बघायची आणि जमलं तर थेंब वहीत लिहायचे. माझं नाव झालं ते त्या वहीमुळे. सांगली-मिरजेत लोक म्हणायचे, फूल आणून द्या, विनोदिनीबाई त्या फुलाची ओढणी करून देतील.

तू आलीस ती पोरीला कडेवर घेऊन. शिवतेज फौजेत, लडाखला होता, नवऱ्याविना सासरी आष्ट्याला बसून तुझा जीव घुसमटत होता. 'बाई, मला ब्रश धुवायला ठेवा, पण ठेवा,' असं म्हणालीस. मी तुला ब्रश धुवायलाच ठेवलं. सहा महिन्यांनी बाटल्या तुझ्या हातात दिल्या. इस्त्रीला सुलाबाई होतीच. तिघींचं बरं चाललं होतं. निदान मला तसं वाटत होतं.

मग ती फेब्रुवारीतली दुपार. दाताच्या डॉक्टरांनी वेळ देऊन दवाखाना बंद ठेवला, म्हणून मी अर्ध्या तासात परत आले. बघते तर तू मोरीपाशी उभी. मी सकाळी मोजून केलेला रंग मोरीत ओतत होतीस, आणि सुलाबाई दुसरी बाटली धरून उभी होती. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, 'बाई, चुकून सांडला.' खोटं. सांडलेल्या रंगासाठी वही उघडून पेन्सिलीने आकडे लिहावे लागत नाहीत. वही मी ओढून घेतली. पानापानावर माझ्या शाईच्या आकड्यांशेजारी तुझे पेन्सिलीचे बारीक, फिकट आकडे, इतके दिवस माझ्या नजरेत न आलेले. मी लिहिलेला पिवळा दहा, तुझा तीन. माझा पिवळा आठ, तुझा एक. दीड वर्षाची पानं होती ती. दीड वर्ष माझ्या नावाने माझ्या गिऱ्हाइकांना तुझे रंग जात होते.

माझ्याकडे रंगकाम शिकायला येणाऱ्या चारच्या वर्गाच्या बायका तेवढ्यात येऊ लागल्या होत्या. शहाण्या बाईने दार लावून बोलायला हवं होतं. मी त्यांच्यासमोरच बोलले. चोर म्हणाले, आयत्या बिळावरचा नागोबा म्हणाले. माझी प्रमाणं बिघडवून आपली वही तयार करते, उद्या आष्ट्यात दुकान टाकेल आणि वर माझंच नाव लावेल, असंही म्हणाले. सुलाबाई मध्ये पडली, 'बाई, तिनं काय चोरलं न्हाई ओ.' तिलाही मी गप्प बसवलं. तू 'बाई, तुमी...' एवढंच म्हणालीस आणि थांबलीस. मी वाट बघत होते, पुढे बोल म्हणून. तू हात पुसलेस, पोरीचा डबा पिशवीत टाकलास आणि चप्पल घालून निघून गेलीस. त्या थांबण्याचा मला आजही राग आहे. एक वाक्य पुरं केलं असतंस तर पुढचं काहीच झालं नसतं.

पुढचं हे झालं. वाईच्या अश्लेषाताईंचं काम तुला आठवत असेल, त्यांच्या ओवीच्या लग्नाचं. वऱ्हाडातल्या चाळीस बायकांना एका रंगाच्या ओढण्या हव्या होत्या, गोकर्णीच्या फुलासारख्या निळ्या. त्यांनी शालूचा दोरा पाठवला होता. मी शेजारच्या कुंपणावरचं फूल आणून ठेवलं आणि कोणाच्या मदतीशिवाय बसले. निळा घेतला, त्यात गुलाबी सोडला. असा रंग कापडावर फार भडक उठतो, म्हणून पिवळ्याचे एक-दोन थेंब घालून तो जरा खाली आणायचा, ही माझी जुनी रीत. दोन घातले, फरक दिसेना. आणखी दोन घातले. तरी दिसेना. असे किती घातले ते वहीत आहे, इथे लिहवत नाही. चिंधी उठवली, फुलाशेजारी धरली, जुळली. सुलाबाईने इस्त्री हातात घेऊन विचारलं, 'बाई, ह्यो असाच पायजे न्हवं?' मी म्हणाले, तू इस्त्री कर.

पार्सल वाईला पोहोचलं त्या दिवशी अश्लेषाताईंचा फोन आला. फार सभ्य बाई. त्या म्हणाल्या, 'विनोदिनीताई, चुकून दुसऱ्या कोणाचं पार्सल आमच्याकडे आलंय का?' मी म्हणाले, नाही, निळ्या ओढण्या तुमच्याच. त्यांनी पार्सल पुन्हा उलगडल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, 'अहो, या शेवाळी आहेत.' मागून ओवीचं रडणं ऐकू येत होतं. लग्नाला चार दिवस राहिले होते.

मी काय केलं असेल? मी माझ्या डोळ्यांवर शंका घेतली नाही. मी तुझ्यावर घेतली. सृष्टीने जाता जाता मूळ बाटल्यांत भेसळ करून ठेवली, असं मी अश्लेषाताईंना सांगितलं, वर्गातल्या बायकांना सांगितलं, गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर लिहिलं. नव्या बाटल्या आणल्या. त्यांतूनही तेच व्हायला लागलं तेव्हा कंपनीला नावं ठेवली, मग कापडाला, मग सुलाबाईच्या इस्त्रीला. दिवाळीपर्यंत पुढची खोली बंद झाली. तू साताऱ्याला गेल्याचं कळलं तेव्हा मी देवदत्तला म्हणाले, बघ, पळाली. माझा मुलगा तोंडातून शब्द काढत नाही, पण त्या दिवशी जेवता जेवता उठून गेला.

या जूनमध्ये गणपतीच्या देवळाच्या पायऱ्या उतरताना शेवटची पायरी मला दिसलीच नाही. पाय मुरगळला. देवदत्तने पायाच्या डॉक्टरकडे न नेता मला मिरजेला डोळ्याच्या डॉक्टरकडे नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरने विचारलं, 'आजी, रंग नीट दिसतात का?' मी त्याला सुनावलं, बाळा, रंग हाच माझा व्यवसाय आहे. त्याने दिवा डोळ्यांसमोर धरला. तपासलं, आणि माझ्याच डोळ्याचा फोटो स्क्रीनवर मोठा करून दाखवला. आत कडक चहासारखं काहीतरी होतं. म्हणाला, 'मोतीबिंदू पार पिकलाय. तुम्ही चहाच्या रंगाच्या काचेतून जग बघताय. निळा फारसा आत पोहोचतच नाही, आणि पिवळा कमी-जास्त झालेला तुम्हाला कळणार नाही. पाच-सहा वर्षं तरी झाली असतील.' देवदत्त खाली मान घालून माझी फाइल चाळत बसला. त्यालाही शंका होती, हे मला तिथे कळलं.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन आधी झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढून घरी आले तर स्वयंपाकघराची भिंत पांढरीशुभ्र. मी विचारलं, रंग कधी दिलात? देवदत्त म्हणाला, 'आई, भिंत पहिल्यापासून अशीच आहे.' मी साडी बदलली नाही, चहा घेतला नाही. माळ्यावरून वाईहून परत आलेल्या ओढण्यांतली एक काढून घेतली आणि शेजारच्या कुंपणावरचं गोकर्णीचं फूल तोडून आणलं. दोन्ही खिडकीत ठेवून आधी उजवा डोळा झाकला. डाव्याने बघितलं तर दोन्हींचा रंग एकच, अगदी जुळलेला. मग डावा झाकून नव्या डोळ्याने बघितलं. फूल निळं होतं, इतकं निळं की मी दचकले. आणि ओढणी साचलेल्या पाण्यावर शेवाळ धरतं तशी. लग्नाच्या मांडवात अंगावर घ्यायची वस्तू ती. मी किती वेळ हा डोळा झाक, तो डोळा झाक करत बसले, मला सांगता येणार नाही. देवदत्तने शेवटी फूल माझ्या हातातून काढून घेतलं.

दुसरा डोळा होईपर्यंत डॉक्टरांनी वाकायला, इस्त्रीजवळ जायला बंदी केली होती. ऑगस्टमध्ये दोन्ही डोळे मोकळे झाले तसं मी सुलाबाईला बोलावलं आणि वही काढली. पेन्सिलीने दुरुस्त केलेले बावीस रंग होते. बावीसही मी दोनदा केले, एकदा माझ्या शाईच्या आकड्यांनी आणि एकदा तुझ्या पेन्सिलीच्या. सुलाबाई उठवत गेली, मी खिडकीतल्या उजेडात पट्ट्या लावत गेले. सहा दिवस लागले. माझा एकही बरोबर नाही. तुझे एकोणीस बरोबर आहेत. तीन चुकलेत, ते मी दुरुस्त केले आहेत. अबोलीत तू गुलाबी कमी घालतेस. आठवीतही कमीच घालायचीस.

सातव्या दिवशी मी सुलाबाईला विचारलं, तुम्ही दोघींनी मला सांगितलं का नाही? ती इस्त्री उभी करून म्हणाली, 'सांगितलं की. येकदा ती बोलली हुती तुमच्याशी. तवा तुमी काय बोललासा ते ध्यानात हाय का?' मला नव्हतं. खरंच नव्हतं, सृष्टी. सुलाबाईने सगळं सांगितलं. वाक्य न वाक्य तिच्या लक्षात होतं. तू म्हणाली होतीस, 'बाई, लय पिवळं पडाय लागलंय. येकदा मिरजेला डोळं दाखवून येऊ या का? मी येते संगं.' आणि मी म्हणाले होते, तुमच्या घरात पिवळा म्हणजे हळद आणि निळा म्हणजे ट्रॅक्टर, तू मला रंग शिकवू नकोस. हे बोलून मी हसलेही होते म्हणे, आणि वर्गातल्या दोघी-तिघीही हसल्या होत्या. तू माझ्या बरोबर हसलीस आणि ब्रश धुवायला मोरीकडे गेलीस. दुसऱ्या दिवसापासून पेन्सिल हातात घेतलीस. सुलाबाईने तुला विचारलं तेव्हा तू तिला म्हणालीस, 'ओढणीच्या डब्यावर बाईंचं नाव हाय. नाव जाऊ द्यायचं न्हाई.'

सुलाबाईला वाटलं, हे ऐकून मला भरून येईल. मला संताप आला. अजून आहे. तू आता नीट ऐक, कारण हे तुला दुसरं कोणी सांगणार नाही. माझा अपमान मी केला, तो माझा मला पुरेसा आहे. पण तू काय केलंस? माझ्या घरात, माझ्या वहीशेजारी, दीड वर्ष मला खेळवलंस. मी सकाळी रंग करायचे आणि मी आंघोळीला गेले की तुम्ही दोघी तो ओतून द्यायचात. संध्याकाळी मी ओढणी बघून म्हणायचे, जमलं की नाही? आणि तू म्हणायचीस, 'जमलं बाई.' लहान पोराला खोटं जिंकू देतात तसं. तू पहिल्याच महिन्यात माझा एक रंग बाहेर जाऊ दिला असतास, एका गिऱ्हाइकाने माझ्या तोंडावर ओढणी फेकली असती, तर मी चडफडत का होईना, डॉक्टरकडे गेले असते. त्या फेब्रुवारीच्या दीड वर्ष आधीच गेले असते. ओवीच्या लग्नात शेवाळ गेलं नसतं. वर्ग चालू असता. तू तिथेच असतीस. माझं नाव राखायला निघालीस आणि माझा डोळा झाकून ठेवलास. शिक्षकाची दया करू नये, सृष्टी. त्याला चूक दाखवावी. तो ओरडेल, वाटेल ते बोलेल, तरी पुन्हा दाखवावी. एकदा बोलून गप्प बसलीस, तिथे तू चुकलीस, आणि हे मी तुझे गुण कापून सांगते आहे.

आता तुला वाटत असेल, एवढं सगळं समजल्यावरही म्हातारी गुरगुरतेच आहे, मग लिहायला तरी का बसली? माझ्याने एक गोष्ट लिहवत नाही, म्हणून मी चार पानं दुसऱ्या गोष्टी लिहिल्या. ती आता लिहिते. गेल्या वर्षी जूनमध्ये साताऱ्यातल्या एका मुलींच्या शाळेत हस्तकला शिकवायच्या जागेसाठी तुझी मुलाखत झाली होती. तुझ्या पट्ट्या बघून तिथल्या मुख्याध्यापिकाबाई खूश होत्या, तुला जवळजवळ हो म्हणाल्या होत्या, आणि नंतर काहीच कळवलं नाही. आपल्याकडे डिप्लोमा नाही म्हणून नाकारलं, असं तू सुलाबाईला फोनवर सांगितलंस. डिप्लोम्यामुळे नाही. अर्जात तू अनुभवाखाली माझं नाव आणि पत्ता लिहिला होतास, म्हणून त्यांनी मला पत्र पाठवून विचारलं. मी अर्धं पान उत्तर लिहिलं. 'ही मुलगी विश्वासू नाही. मोजमापात परस्पर फेरफार करते. मुली अशा व्यक्तीच्या हाताखाली देऊ नयेत.' स्वच्छ अक्षरात लिहून, सही करून, स्वतः चालत जाऊन पोस्टात टाकलं. हे कोणालाही माहीत नव्हतं, देवदत्तला नाही, सुलाबाईलाही नाही. गेल्या गुरुवारी मी एकटी एसटीने साताऱ्याला गेले आणि त्या बाईंना हे सगळं तोंडाने सांगितलं, ट्रॅक्टरचंही सांगितलं. मग त्यांच्या टेबलाशी बसून नवीन पत्र लिहिलं, की आधीचं माझं लिहिणं खोटं आहे आणि रंग जुळवणारी तुझ्याइतकी चांगली बाई मी पाहिलेली नाही. ती जागा दिवाळीनंतर पुन्हा रिकामी होते आहे. त्यांनी पत्र वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, 'हे तिला माहीत आहे का?' मी नाही म्हणाले. त्या म्हणाल्या, 'मग मी तिला बोलावण्याआधी तुम्ही तिला सांगा. आमच्याकडून कळायला नको.' म्हणून हे पत्र. माझ्या जुन्या पत्राची प्रत त्यांच्याकडून मागून घेतली, ती सोबत जोडली आहे. सबंध वाच, वगळू नकोस. त्यांचा फोन येईल तेव्हा जा. माझ्यामुळे गेली होती म्हणून आता ती जागा नाकारलीस तर माझ्यावर सूड उगवल्यासारखं होईल, पण तोटा त्या मुलींचा होईल. मी माफी मागत नाही, कारण मागितली तर तू लगेच देशील, मला ओळखता येते तुझी ती खोड. त्यापेक्षा ये आणि भांड. सांगलीच्या घराची पुढची खोली उघडी असते, मी दिवसभर तिथेच बसते, आणि या वेळी तू वाक्य पुरं करेपर्यंत मी मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
विनोदिनी